बर्म्युडा : नुसत्या कागदी नकाशावर पाच दिवस फिरता येईल का?

रेवती_जर्सी
नमस्कार मंडळी. मे महिन्यात पाच दिवस बर्म्युडाला जायचं ठरतंय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि साताऱ्याहून आलेली माझी आई. इथून, न्यू जर्सीहून, विमानाने जेमतेम दोन तास, म्हणून अटलांटिकमधलं हे बेट निवडलं.

आईने चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. तिचं म्हणणं, "जागा बघायची तर नकाशा हातात धरून बघायची, फोनमधली बाई सांगेल तिकडे वळायचं नाही." पर्यटकांना फुकट देतात तो घडीचा नकाशा माझ्या मैत्रिणीने आणून दिलाय. आईने तो जेवणाच्या टेबलावर पसरलाय आणि दोन दिवस झाले, आम्ही स्वयंपाकघरात उभ्याने जेवतोय.

पर्यटकांना तिथे नेहमीची मोटार भाड्याने मिळत नाही हे कळलं. मग बस, फेरी आणि पाय एवढ्यावर, या एका नकाशाच्या भरवशावर फिरणं होईल का? की आणखी काही लागेल? आईचं वय ७१, गुडघे बरे आहेत, चढ मात्र बेतानेच.

खादाड_सदाशिव
पहिला प्रश्न : घरातले सगळे बर्मुडा घालूनच बर्म्युडाला जाणार का? :)

हॅमिल्टनकर
रेवतीताई, मी सहा वर्षं इथे आहे, पुनर्विम्याच्या कंपनीत. मोटार नाही, कधी घेतलीही नाही. इथल्या रहिवाशांनाही घरटी एकच खासगी मोटार ठेवता येते, आणि १९४६ पर्यंत तर खासगी मोटारींना परवानगीच नव्हती. त्यामुळे बस, फेरी आणि पाय हीच इथली जुनी रीत आहे. नकाशावर नक्की फिरता येईल, फक्त तो वाचायचा कसा ते सांगतो.

बेटाचा आकार माशाच्या गळासारखा आहे. गळाचं टोक म्हणजे पश्चिमेचं डॉकयार्ड (जुनी आरमारी गोदी), दांडीचा वरचा शेंडा म्हणजे पूर्वेचं सेंट जॉर्जेस. मधल्या वाकात जे पाणी आहे ते ग्रेट साउंड, आणि त्याच्या काठावर हॅमिल्टन शहर. रस्त्याने डॉकयार्डहून हॅमिल्टनला यायचं तर अख्खा गळ वळसा घालून यावं लागतं, बसला तासभर लागतो. फेरी सरळ पाणी कापते, वीस मिनिटांत पोचवते. म्हणून रस्त्यांकडे नंतर बघा, आधी फेरीच्या तुटक रेषा शोधा. निळी डॉकयार्डची, गुलाबी पॅजेट-वॉरिककडची, हिरवी रॉकअवेची. सेंट जॉर्जेसची नारिंगी फेरी पर्यटनाच्या हंगामात असते.

मग रस्ते. लांबीच्या दिशेने तीन मोठे : उत्तर किनाऱ्याचा नॉर्थ शोअर रोड, दक्षिणेचा साउथ रोड आणि पोटातून जाणारा मिडल रोड. बाकी बहुतेक सगळे यांना जोडणारे. बेट लांबीला एकवीस मैल, रुंदीला सरासरी मैलभर. चुकलात तर जास्तीत जास्त समुद्र लागेल.

बसथांब्याच्या खांबाचा रंग बघा. गुलाबी खांब म्हणजे बस हॅमिल्टनकडे जाणार, निळा म्हणजे हॅमिल्टनपासून दूर. हे नकाशावर असतंच असं नाही, पण हे कळलं की अर्धा प्रवास सोपा. बसमध्ये नोटा घेत नाहीत, मोजकी नाणी किंवा टोकन लागतात. तुम्ही चौघं बस आणि फेरी दोन्हींवर चालणारे दिवसांचे पास काढा.

आणि एक. बसमध्ये चढताना, दुकानात शिरताना, रस्ता विचारताना आधी "गुड मॉर्निंग" म्हणायचं. थेट प्रश्न विचारलेला इथे उद्धट वाटतो. नमस्कार केलात तर माणसं नुसता रस्ता सांगत नाहीत, कोपऱ्यापर्यंत सोडायला येतात.

त्रिकोण_चौकोन
ते त्रिकोणाचं काय? विमानं गायब होतात म्हणे. आजींना घेऊन जाताय!

हॅमिल्टनकर
@त्रिकोण_चौकोन, रोज इतकी विमानं आणि प्रवासी जहाजं येतात, सगळी सुखरूप परत जातात. इथे जहाजं बुडाली ती प्रवाळामुळे. गल्फ स्ट्रीमच्या उबदार पाण्यामुळे अटलांटिकमधले सर्वांत उत्तरेकडचे प्रवाळ खडक या बेटांभोवती आहेत, पाण्याच्या जेमतेम खाली, आणि तीनशेच्या वर जहाजं त्यांवर आपटून बुडाली आहेत. या बेटावरची वस्तीच तशी सुरू झाली. १६०९ मध्ये सर जॉर्ज सॉमर्सचं 'सी व्हेंचर' व्हर्जिनियाला निघालं होतं, वादळात सापडून इथल्या खडकांवर अडकलं. पर्यटकांच्या नकाशात बेटाभोवती फिकट निळा पट्टा दिसतो ना, तेच ते खडक.

मोजणीदार_निवृत्त
धागा उघडला आणि राहवेना. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. बर्म्युडाला गेलेलो नाही, पण त्या बेटाच्या मोजणीबद्दल बरंच वाचलं आहे, कारण ती आमच्या धंद्यातली एक जुनी, नामांकित मोजणी आहे.

रेवतीताई, आईंना सांगा, त्या नकाशात "ट्राइब रोड" नावाचे बारीक रस्ते शोधा. क्रमांक १, २, ३ असे असतात आणि बेटाला आडवे छेदतात. हे रस्ते म्हणजे आपल्याकडची शिवेवरची पाणंद. रिचर्ड नॉरवूड नावाचा तरुण मुळात मोत्यांसाठी पाण्यात बुड्या मारायला तिथे आला होता. मोती निघाले नाहीत, पण त्याला गणित येत होतं, म्हणून बेट वसवणाऱ्या इंग्रज कंपनीने त्याला मोजणीला लावलं. १६१६-१७ मध्ये त्याने अख्खं बेट मोजलं. आठ भाग पाडले, त्यांना "ट्राइब" म्हणत. प्रत्येक ट्राइबमध्ये पन्नास हिस्से, प्रत्येक हिस्सा पंचवीस एकर. हिस्से शक्यतो एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत लांब पट्ट्यांसारखे पाडले. आपल्याकडे भावाभावांत वाटणी करताना प्रत्येकाला विहिरीकडची थोडी आणि माळाची थोडी देतात, तोच न्याय.

ट्राइबला नावं पडली कंपनीत पैसे घातलेल्या बड्या लोकांची : सँडीज, साउदॅम्प्टन, वॉरिक, पॅजेट, पेम्ब्रोक, डेव्हनशर, स्मिथ्स, हॅमिल्टन. हेच आजचे पॅरिश, म्हणजे बेटाचे प्रशासकीय भाग. सेंट जॉर्जेस तेव्हा सार्वजनिक जमीन होती, तो नववा. म्हणजे आज पर्यटकाच्या हातातल्या फुकट नकाशावर जे नऊ रंग दिसतात, त्यांच्या रेषा चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने चालून ओढल्या आहेत.

मोजणीत वाढीव क्षेत्र निघतं हे आम्हाला नवीन नाही. तिथेही निघालं, सुमारे दोनशे एकर. गव्हर्नर डॅनियल टकर याने मोजणीचा क्रम असा ठेवायला लावला की ते वाढीव क्षेत्र सँडीज आणि साउदॅम्प्टनच्या मध्ये, नेमकं उत्तम जमिनीवर पडलं, आणि तिथे त्याने आपलं घर बांधलं. तक्रार लंडनपर्यंत गेली. वाचताना मला माझ्या नोकरीतली दोन-तीन गावं आठवली.

हॅमिल्टनकर
@मोजणीदार_निवृत्त, काका, मी रोज एका ट्राइब रोडवरून चालत बसथांब्यावर जातो आणि हे मला ठाऊक नव्हतं! एक सूचना मात्र सगळ्यांना : ट्राइब रोडचे क्रमांक प्रत्येक पॅरिशमध्ये नव्याने सुरू होतात. नुसतं "ट्राइब रोड नंबर तीन" म्हणून पत्ता लागणार नाही, पॅरिश सांगावा लागतो. काही ट्राइब रोड डांबरी आहेत, काही निव्वळ पायवाटा.

आणि सँडीजचा उच्चार "सँड्स".

गॅजेट_गंप्या
एवढा खटाटोप कशाला? आधी घरीच नकाशा फोनवर उतरवून घ्यायचा, इंटरनेट नसलं तरी निळा ठिपका तुम्ही कुठे आहात ते दाखवतो. कागदी नकाशात जाहिराती जास्त आणि रस्ते कमी. ज्याने पैसे दिले त्याचं हॉटेल टेकडीएवढं, ज्याने दिले नाहीत ते नकाशात नाहीच. शिवाय चढ-उतार दाखवत नाहीत. आजींच्या गुडघ्यांसाठी तेच तर महत्त्वाचं.

सायलीची_आई
@गॅजेट_गंप्या यांच्याशी अर्धी सहमत. चढांचं खरं आहे. आम्ही २०१७ मध्ये गेलो होतो. नकाशावर मिडल रोडपासून गिब्स हिलचं दीपगृह बोटाच्या पेरावर दिसत होतं, प्रत्यक्षात तो चांगलाच चढ निघाला. वर पोचल्यावर दीपगृहाच्या १८५ पायऱ्या. १८४६ चं दीपगृह आहे, दगडी नाही, ओतीव लोखंडाचं. वरून मात्र अख्खं बेट दिसलं, अगदी हातातल्या नकाशासारखं, फक्त रंग खरे. सायली ओरडली, "आई, हा बघ गळ!" फोनवर तिला तो गळ कधी दिसला नव्हता, कारण फोन सतत आमच्याभोवतीच्या दोन गल्ल्याच दाखवत होता.

हॅमिल्टनकर
फोनबद्दल माझी एक गंभीर तक्रार आहे. पायी चालण्याचा मार्ग विचारला की तो साउथ रोड किंवा मिडल रोड सुचवतो. इथले रस्ते अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना चुनखडीच्या भिंती किंवा झुडपांचे कुंपण, बऱ्याच ठिकाणी पदपथ नाही, वळणावर समोरून येणारी बस दिसत नाही. लहान मूल आणि आजी घेऊन तिथून चालू नका, ही हात जोडून विनंती. नकाशावर "रेल्वे ट्रेल" अशी ठिपक्यांची रेषा आहे, चालायला ती धरा.

वाट_वळणाची
रेल्वे ट्रेल! आता मला लिहावंच लागेल.

या बेटावर एकेकाळी आगगाडी होती. १९३१ मध्ये सुरू झाली, १९४८ मध्ये बंद. मोटारी आल्या, खाऱ्या वाऱ्याने पूल गंजले, खर्च परवडेना. रूळ आणि डबे ब्रिटिश गियानाला विकले. उरली ती मोकळी वाट, आता चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी. साधारण अठरा मैल, सलग नाही. हॅमिल्टनच्या आसपास वस्तीत ती हरवते, पलीकडे पुन्हा सापडते.

आम्ही दोघी मैत्रिणींनी सॉमरसेटपासून पॅजेटपर्यंतचा पश्चिमेचा भाग दोन सकाळींत केला. गाडीची वाट असल्याने चढ जवळजवळ नाहीच, रेवतीताईंच्या आईंसाठी अगदी योग्य. कुठे चुनखडीचा डोंगर कापून केलेली खिंड, भिंतींना नेचे लटकलेले, भर दुपारीही गारवा. कुठे एकदम डाव्या हाताला ग्रेट साउंड उघडतो. पॅजेटमध्ये छोटा बोगदाही आहे. वाटेत लोकांच्या घरांच्या मागच्या बाजू दिसतात. वाळत घातलेले कपडे, केळीची बाग, पपई, जास्वंद. मला सारखं कोकणातल्या एखाद्या वाडीच्या पाणंदीतून चालल्यासारखं वाटत होतं.

पूर्वेकडे बेलीज बेजवळ समुद्रात जुन्या पुलाचे नुसते खांब उभे आहेत, ओळीने.

सॉमरसेट ब्रिजही याच वाटेवर, तो चुकवू नका. उघडणारा पूल आहे, पण उघडते ती मधली एक फळी, शिडाच्या होडीची डोलकाठी जाईल एवढीच.

खादाड_सदाशिव
चालणं वगैरे ठीक, पण स्कूटर मिळते ना भाड्याने? आपण पुण्याचे लोक. ज्याने टिळक रस्त्यावर गाडी चालवली तो जगात कुठेही चालवू शकतो. शिवाय गाड्या डावीकडून, आपल्यासारख्याच. वेगमर्यादा ३५ किलोमीटर, त्यापेक्षा जोरात आमचे आजोबा लूना चालवत.

हॅमिल्टनकर
@खादाड_सदाशिव, हसलो, पण नको. पर्यटकांचे बहुतेक अपघात स्कूटरवरच होतात. ओल्या चुनखडीच्या धुळीवरून घसरून भिंतीला कोपर खरवडलेली माणसं दर हंगामात बघतो. दोन माणसांच्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या २०१७ पासून मिळतात, पण त्या रेवतीताईंच्या चौघांना पुरणार नाहीत. त्यापेक्षा एक दिवस टॅक्सी करा. पुढे निळा झेंडा लावलेली टॅक्सी बघून घ्या. तो झेंडा म्हणजे चालक अधिकृत वाटाड्याही आहे.

दर्यावर्दी_गुहागर
मी प्रवासी जहाजावर काम करतो, गुहागरचा. आमच्यासोबत रत्नागिरी-सिंधुदुर्गाची आणि गोव्याची बरीच पोरं आहेत. उन्हाळ्यात आमचं जहाज डॉकयार्डला लागतं आणि खलाशांना सुटी मिळते ती तीन-चार तासांची. त्यामुळे नकाशाचा सगळ्यांत कंजूष वापर आम्ही करतो.

माझ्याकडे एकच नकाशा आहे, चौथं वर्ष. घडीवर फाटला, चिकटपट्टी लावली. मागे पेनाने लिहून ठेवलंय : ७ नंबरची बस साउथ शोअरने, हॉर्सशू बे. ८ नंबर मिडल रोडने. ११ नंबर हॅमिल्टनहून नॉर्थ शोअरने सेंट जॉर्जेस. परतीची शेवटची फेरी किती वाजता ते दर खेपेला नव्याने बघायचं, कारण हंगामाप्रमाणे बदलतं. जहाज कोणासाठी थांबत नाही.

हॉर्सशू बेला सगळेच जातात, गर्दी होते. नकाशात त्याच्या पूर्वेला चिकटून छोटे-छोटे अर्धगोल आहेत. किनाऱ्याच्या पायवाटेने त्या बाजूला चालत राहायचं, खडकांमधून एकेक पुळण लागत जाते, जॉब्सन्स कोव्ह लागतं, पुढे वॉरिक लाँग बे. वाळू गुलाबी का, तर प्रवाळावर वाढणाऱ्या लाल कवचाच्या अगदी सूक्ष्म जीवांचा चुरा तीत मिसळलेला असतो. पायाखाली पांढरीच वाटते, पाणी मागे सरतं तेव्हा ओल्या कडेला रंग दिसतो.

पहिल्या वर्षी तिथे बसून आईला व्हिडिओ कॉल केला. ती म्हणाली, आपल्या वेळणेश्वरासारखंच तर आहे, मग एवढ्या लांब कशाला गेलास.

मडगांवकार
दर्यावर्दीभाऊ, देव बरें करूं :)

गोव्यातल्या माणसाला या नकाशात एक जागा हमखास सापडते : स्मिथ्स पॅरिशमध्ये स्पिटल पाँड, आणि त्याच्या समुद्राकडच्या कड्यावर "पोर्तुगीज रॉक". खडकावर १५४३ हे साल, एक क्रूस आणि "आरपी" अशी अक्षरं कोरलेली होती. पोर्तुगालचा राजा असा त्याचा अर्थ लावतात. बुडालेल्या जहाजावरची पोर्तुगीज माणसं असावीत. पूर्वी त्याला स्पॅनिश रॉक म्हणत. मूळ कोरीव काम झिजलं, आता तिथे काशाचा ठसा बसवला आहे.

१५४३ म्हणजे इकडे गोवा घेऊन पोर्तुगीजांना तेहेतीस वर्षं झाली होती. त्याच काळात अटलांटिकच्या मधोमध कोणीतरी आपल्या राजाची अक्षरं खडकात कोरत बसलं होतं आणि वाट बघत होतं. मी तिथे बराच वेळ बसलो.

पुढे १८४९ मध्ये मदेरा बेटावरून पोर्तुगीज मजूर शेतीसाठी बर्म्युडाला आणले, नंतर अझोर्सहून आले. आज तिथल्या दुकानांवर, चर्चमध्ये आमच्या मडगावसारखीच आडनावं दिसतात.

क्रिकेटवेडा_८३
सगळं वाचलं, एकानेही लेव्हरॉकचं नाव काढलं नाही? १९ मार्च २००७, पोर्ट ऑफ स्पेन, विश्वचषक. स्लिपमध्ये बर्म्युडाचा ड्वेन लेव्हरॉक, भला धिप्पाड माणूस, आणि रॉबिन उथप्पाचा तो उजवीकडे झेपावून एका हाताने घेतलेला झेल! मग मैदानभर पळत सुटला. आपण ४१३ केल्या, सामना २५७ धावांनी जिंकला, तरी लोकांना लक्षात राहिला तो झेल.

हॅमिल्टनकर
@क्रिकेटवेडा_८३, इथे क्रिकेट म्हणजे कप मॅच. सॉमरसेट विरुद्ध सेंट जॉर्जेस, म्हणजे गळाचं एक टोक विरुद्ध दुसरं. उन्हाळ्यात दोन दिवस अख्ख्या देशाला सुटी. सामना गुलामगिरीतून मुक्तीच्या स्मरणाशी जोडलेला आहे, पहिला दिवस मुक्तिदिन म्हणूनच पाळतात.

आणि नकाशावरची क्रिस्टल केव्ह नावाची गुहा १९०७ मध्ये सापडली ती दोन मुलांचा क्रिकेटचा चेंडू हरवला म्हणून! चेंडू शोधत भोकात उतरले तर खाली स्वच्छ पाण्याचं तळं आणि छताला लटकलेले पांढरे खडक. रेवतीताई, लेकीला ही गोष्ट आधी सांगा, मग गुहेत न्या.

दुर्गप्रेमी_नगर
किल्ल्यांवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. चोपन्न चौरस किलोमीटरच्या बेटावर नव्वदेक किल्ले आणि मोर्चे बांधले गेले! बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यानच याच्या जवळजवळ दुप्पट भरतं. पूर्वेच्या कासल आयलंडवरचा किल्ला १६१२ च्या सुमाराचा. सेंट जॉर्जेस गावही १६१२ चं, २००० पासून जागतिक वारसा यादीत.

डॉकयार्ड बांधलं ते १८२४ पासून इंग्लंडहून आणलेल्या कैद्यांकडून. ते कैदी जुन्या जहाजांच्या सांगाड्यांत ठेवलेले असत. आणि याच नाविक तळाशी मुंबईचा धागा जुळतो. वाडियांच्या गोदीत सागवानात बांधलेली, १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका, १८४७ नंतर काही वर्षं उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडिजच्या आरमारी ठाण्यावर होती, आणि त्या ठाण्याचा तळ बर्म्युडा. ते जहाज अजून शाबूत आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला.

आता आमच्या नगरचा धागा. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात पकडलेल्या साडेचार हजारांवर कैद्यांना १९०१-०२ मध्ये ग्रेट साउंडमधल्या चिमुकल्या बेटांवर ठेवलं होतं. त्याच काळात बोअर कैद्यांची एक छावणी अहमदनगरला होती. फेरीतून जाताना डाव्या-उजव्या हाताला जी झाडीची बेटं दिसतात, त्यांतली काही तीच. नकाशात नुसतं नाव असतं, कोण राहिलं होतं ते नसतं.

शुद्ध_शाकाहारी
खाण्याचं काय पण?

वाट_वळणाची
@शुद्ध_शाकाहारी, हॅमिल्टनमध्ये मिळतं सगळं. मासे खाणाऱ्यांनी मनुकांच्या पावातलं तळलेल्या माशाचं सँडविच खावं. वाचायला विचित्र, खायला उत्तम. रविवारी सकाळी खारवलेला कॉड आणि उकडलेले बटाटे, सोबत केळं. हा तिथला ठरलेला नाश्ता.

गॅजेट_गंप्या
ताई, जाऊन आलात की नक्की लिहा, कागद जिंकला की फोन.

रेवती_जर्सी
मंडळी, परत आलो. उशीर झाला लिहायला, आई काल साताऱ्याला गेली.

सगळ्यांत आधी उत्तर : हो, फिरता येतं. नकाशा, बस-फेरीचं छापील वेळापत्रक आणि पास, एवढ्यावर पाच दिवस उत्तम गेले. फोन दोनदा काढला, दोन्ही वेळा टॅक्सी बोलवायला.

आईने येताना रंगीत पेन्सिली आणल्या होत्या. रोज रात्री आम्ही गेलेले रस्ते ती आणि लेक मिळून नकाशावर रंगवायच्या. नऊ पॅरिश पुरे करायचेच असा लेकीचा हट्ट, त्यामुळे शेवटच्या दिवशी निव्वळ डेव्हनशरसाठी बसमधून उतरलो, बाकावर बसून संत्री खाल्ली आणि पुढची बस पकडली.

एकदा फसलो. पहिल्याच दिवशी हॅमिल्टनला जायचं होतं, आणि नकाशावर "हॅमिल्टन" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या भागाकडे मी सगळ्यांना घेऊन निघाले. तो हॅमिल्टन पॅरिश! हॅमिल्टन शहर त्यात नाहीच, ते पेम्ब्रोकमध्ये आहे. थांब्यावर एका आजोबांना "गुड मॉर्निंग" म्हणून विचारलं, ते मनापासून हसले, म्हणाले हे रोज कोणाचं तरी होतं. मग आमच्यासोबत गुलाबी खांबापर्यंत आले. त्या गोंधळात क्रिस्टल केव्ह जवळ आहे असं कळलं, म्हणून आधी गुहाच बघितली. लेकीने आत उतरताना चेंडू शोधला.

आईने दुसऱ्या दिवशी एक गोष्ट दाखवली, ती मला नकाशा इतके दिवस समोर असून दिसली नव्हती. बेट पूर्व-पश्चिम आडवं नाही, तिरकं आहे, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे. म्हणजे ज्याला सगळे उत्तर किनारा म्हणतात तो खरं तर वायव्येकडे तोंड करून आहे. "मग सूर्यास्त तिथूनच दिसणार," ती म्हणाली. त्या संध्याकाळी आम्ही ११ नंबरने नॉर्थ शोअरला गेलो आणि सूर्य थेट समुद्रात बुडाला. परत येताना अंधारात झाडांवरचे चिमुकले बेडूक शीळ घालत होते, अख्खा रस्ताभर.

पांढऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या छपरांनी तर तिला वेडच लावलं. या बेटावर नदी नाही. चुना दिलेल्या प्रत्येक छपरावरचं पावसाचं पाणी घराखालच्या टाकीत जातं, तेच वर्षभर. आमच्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी नळ जपून वापरायला सांगितलं होतं. आई म्हणाली, किल्ल्यावरची टाकी आणि ही टाकी, अक्कल तीच.

@वाट_वळणाची, रेल्वे ट्रेल आई तीन तास चालली. बसली नाही. क्रो लेन चौकाजवळ जॉनी बार्न्स यांचा पुतळा बघितला. कित्येक वर्षं रोज पहाटे उभं राहून कामावर जाणाऱ्या प्रत्येकाला हात करणारा माणूस. तरुणपणी ते त्याच आगगाडीवर वीजतंत्री होते, गाडी बंद झाल्यावर बस चालवू लागले, हे तिथल्या एका बाईंनी सांगितलं. लेकीने पुतळ्याला उलटा हात केला.

@गॅजेट_गंप्या, चढांचं तुमचं बरोबर होतं. आईने नकाशावर स्वतःच चढाच्या जागी बाण काढले आहेत, पुढच्या माणसासाठी.

दर्यावर्दी_गुहागर
आजी जबरदस्त. ताई, त्या बाणांचा फोटो टाका की. आमच्या पोरांना उपयोग होईल.

रेवती_जर्सी
@दर्यावर्दी_गुहागर, नकाशा ती सोबत घेऊन गेली हो. तिच्या जुन्या शाळेत दाखवणार आहे. फोटो मागवते तिच्याकडून.

मडगांवकार
पोर्तुगीज रॉक केला का?

रेवती_जर्सी
केला. वारा इतका होता की नकाशा आम्ही चौघांनी चार कोपरे धरून उघडला. खाली पांढरेशुभ्र, लांब शेपटीचे पक्षी कड्यातल्या बिळांत ये-जा करत होते. आईने ठशावरून बोट फिरवलं, १५४३ मोठ्याने वाचलं आणि लेकीला विचारलं, "तेव्हा आपल्याकडे कोण होतं?" लेकीला येईना, मलाही पटकन येईना. परतीच्या बसमध्ये निजामशाहीवर तास झाला.

मोजणीदार_निवृत्त
ताई, ट्राइब रोडवर चाललात का? रुंदी किती असेल अंदाजे?

रेवती_जर्सी
काका, पॅजेटमधल्या एकावर चाललो, मुद्दाम तुमच्यासाठी. मिडल रोडकडून वर चढून पलीकडे साउथ रोडला उतरलो. दोन्ही कडांना भिंती, वर जास्वंद. लेकीने एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पावलं मोजली, तिची सात भरली. टाचेला टाच लावून नाही, साधी चालतानाची. तुम्ही फूट काढा.